गोलात बसून केलेला अभ्यास

२०२० सालच्या ऑगस्टात माझ्या मोबाइलवर एक पीडीएफ आली. बावीस पानं, पहिल्या पानावर पाच नावं, त्याखाली ‘गटकार्य’. विषय मीच दिलेला होता: आपल्या गावचे पाण्याचे साठे. पाच विद्यार्थी, पाच गावं, ब्रह्मपुरीपासून कुरखेड्यापर्यंत विखुरलेली. नवव्या पानावर लिहिलं होतं की तलाव गावाचा असतो आणि त्याची पाळ गावकरीच दुरुस्त करतात. सतराव्या पानावर लिहिलं होतं की असे तलाव सरकारचे असतात, गावाचा त्यांच्याशी संबंध उरलेला नाही. दोन्ही पानं एकाच गटाची, पण हे कुणालाही खटकलं नव्हतं.

मी गटातल्या एका मुलीला फोन लावला. बाकीच्यांनी लिहिलेलं वाचलंस का, असं विचारलं.

“नाही जी मॅडम. मी माझा भाग ग्रुपवर टाकला.”

“मग एकत्र कुणी केलं?”

“ज्याच्याकडं रेंज होती त्यानं.”

त्यात तिचा दोष नव्हता. रोवणीचे दिवस होते. दिवसभर बांधीत वाकून ती संध्याकाळी घरी यायची, आणि फोन भावाचा असल्यामुळे तो झोपल्यावर तिच्या हाती यायचा. चूक माझी होती. ‘पाच-पाच जणांचे गट करा’ एवढंच मी सांगितलं होतं. गटानं करायचं काय, ते सांगितलं नव्हतं. त्यांनी पानं वाटून घेतली. याच गडचिरोली जिल्ह्यात, मी राहते तिथून तीस किलोमीटरवर, दुरून आलेलं ज्ञान गटानं कसं पचवायचं याचा एक मोठा प्रयोग झालेला आहे. तो मला माहीत होता, मी पाहिला होता, आणि तरी माझ्या ऑनलाइन वर्गात तो मला आठवला नव्हता. म्हणून हे लिहिते आहे.

मी मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक होते. आमच्याकडे शिक्षकाला शिक्षक म्हणत नाहीत, समंत्रक म्हणतात. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे बोधवाक्य. ज्याची शाळा सुटली त्यानं पूर्वतयारी शिक्षणक्रम करायचा आणि थेट पदवीला यायचं, हे आमच्या भागाला वरदानच होतं. धानोरा, कोरची, एटापल्ली या बाजूंच्या कितीतरी अंगणवाडी सेविका, वनमजूर, होमगार्ड या वाटेनं बी.ए. झाले. पुस्तकं अशी लिहिलेली असत की एकट्या माणसानं कंदिलापाशी बसून वाचावीत आणि त्याला समजावीत. स्वयंअध्ययन हा पाया. रविवारी संपर्क सत्र.

पण पहिल्या वर्षापासून एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. माझं सत्र अकराला सुरू व्हायचं आणि माणसं नऊच्या एसटीनं येऊन बसलेली असायची. आवारात चिंचेखाली गोल करून. त्यातली एक बाई पुस्तकातला उतारा मोठ्यानं वाचायची, दुसरी तो गोंडीत सांगायची, तिसरी म्हणायची, असं कसं, आमच्या गावात तर असं नाही. मग वाद. मी अकराला फळ्यावर जे सांगणार असे ते या दोन तासांत कितीतरी अधिक मुरलेलं असायचं. एकदा मी लवकर पोचले आणि त्यांच्यात बसून समजावून सांगू लागले. एक मावशी शांतपणे म्हणाल्या, “तुमी काहून सांगून रायल्या जी, आमाले आधी बोलू द्या न.” तेव्हापासून मी अकरापर्यंत ऑफिसात बसू लागले.

विद्यापीठानं हे चिंचेखालचे दोन तास वेळापत्रकात धरले नव्हते. ते त्यांनी आपले आपण आणले होते, आणि ते कुठून आणले हे कळायला मेंढ्याला जावं लागतं.

मेंढा (लेखा) हे धानोरा तालुक्यातलं गोंडांचं गाव, वस्ती पाचशेच्या आत. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. पाठोपाठ इंद्रावती आणि गोदावरीवरच्या भोपालपट्टणम व इचमपल्ली धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं, बाबा आमटे आणि लालश्याम शहा त्यात पुढे होते. धरणं थांबली. पण आंदोलनातून घरी परतलेल्या माणसांपुढे एक प्रश्न उरला: जंगल वाचवलं खरं, आता ते सांभाळायचं कुणी आणि कोणत्या हक्कानं? त्याच काळात ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल सर्वांच्या सहमतीनं निर्णय घेणारं गाव शोधत या भागात फिरत होते. १९८७ च्या सुमारास ते मेंढ्याला पोचले. तिथे देवाजी तोफा आणि गावकरी आधीपासूनच तसं करत होते. पुढे जे झालं ते देशभर गाजलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आज दुसऱ्या राज्यांतही भिंतींवर दिसते.

घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यामागचा अभ्यास गट मात्र तेवढा ठाऊक नाही, आणि माझ्या मते मेंढ्याचं खरं देणं तोच आहे.

अभ्यास गट म्हणजे काय, तर ज्याला एखाद्या विषयात रस आहे त्यानं येऊन बसायचं. हजेरी नाही, सदस्यत्व नाही. बाहेरचा माणूस आला, वकील, वनाधिकारी, शास्त्रज्ञ, तरी त्यानं गोलातच बसायचं आणि विचारलेल्याचं उत्तर द्यायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अभ्यास गटात निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा, तोही मतदानानं नाही, सर्वसहमतीनं. एकाचा जरी मनापासून विरोध असला तरी विषय पुढे ढकलायचा आणि पुन्हा अभ्यासाला आणायचा.

मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा हे वेगळेपण मला नुसतं तांत्रिक वाटलं होतं. नंतर कळलं की सगळी ताकद त्यातच आहे. निर्णय घ्यायचा असला की माणूस आपली बाजू धरून बसतो. निर्णय नसला की तो काल बोललेलं आज मोकळेपणानं सोडून देऊ शकतो, ‘मला हे कळलं नाही’ असं चारचौघांत म्हणू शकतो. आमच्या वर्गातल्या गटकार्याला गुण असतात, आणि गुण हा एक प्रकारचा निर्णयच झाला. म्हणून तिथे कुणी ‘कळलं नाही’ म्हणत नाही.

विषय कुठून यायचे? गरजेतून. दारूचा प्रश्न बायकांनी आणला. बराच काळ बोलणं चाललं, कारण दारू देवाला लागते, जन्म-मरणाला लागते, ती सरसकट बंद कशी करणार? शेवटी पूजाविधीपुरती ठेवून बाकी बंद असं ठरलं. मधाचा प्रश्न असाच. पोळ्याखाली आग करून मध काढायचा ही जुनी रीत, त्यात माश्या मरायच्या. अभ्यास गटात मधमाशीचं जीवनच समजून घेतलं आणि पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून बाकी पोळं शाबूत ठेवायचं, असं शिकून घेतलं. पुस्तकातलं ज्ञान, जंगलात फिरणाऱ्याचं ज्ञान आणि प्रयोग, तिन्ही एकाच गोलात आले.

या गोलाची जागा म्हणजे गोटुल. बाहेरच्यांनी गोटुलाबद्दल बरंच काहीबाही लिहून ठेवलं आहे. व्हेरियर एल्विनचं बस्तरमधल्या मुरियांच्या घोटुलावरचं पुस्तक १९४७ चं. त्यानंतर शहरी वाचकाला तेवढंच दिसत राहिलं. आमच्या भागात गोटुल म्हणजे गावाचं बसण्याचं घर. तरुणांनी तिथे गाणी, नाच, कामाची शिस्त, मोठ्यांशी वागणं शिकायचं, मोठ्यांनी भांडणं मिटवायची. शिक्षक असा कुणी नेमलेला नसतो. थोडा मोठा मुलगा त्याहून लहानाला दाखवतो. मेंढ्यानं आपलं गोटुल पुन्हा उभारलं तेव्हा जंगलातलं लाकूड वापरलं म्हणून वन खात्यानं ते उतरवून नेलं. त्यावर आसपासच्या गावांनी आम्हीही गोटुल बांधणार असं ठरवलं, आणि मेंढ्याचं गोटुल परत उभं राहिलं. लोक एका लाकडी घरासाठी इतके का अडून बसले, असं मला तेव्हा वाटे. आता वाटत नाही. ते त्यांचं शिकण्याचं ठिकाण होतं.

आता बांबूची गोष्ट. दुरून आलेला मजकूर गटानं कसा वाचावा, याचा इतका चांगला धडा दुसरा नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातलेला होता. झाड म्हटलं की ते वन खात्याचं. डिसेंबर २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला, त्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू आला. गौण वनोपज म्हटलं की ते ग्रामसभेचं. म्हणजे एकाच रांजीतला बांबू एका कायद्यात झाड आणि दुसऱ्यात नाही, असं झालं. मेंढ्याला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क पहिल्यांदा मिळालेल्या गावांत मेंढा आणि त्याच जिल्ह्यातलं मर्दा ही दोन गावं आहेत. हक्क मिळाला, पण बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागायचा, आणि तो खात्याकडे असायचा. ‘टीपी’ म्हणतात त्याला. परवाना नाही तर बांबू नुसता आपला म्हणायचा.

हे सगळं इंग्रजी कायद्यात आणि सरकारी मराठीत लिहिलेलं. गावाची भाषा गोंडी. एकेका कलमाचा अर्थ लावायचा, तो गोंडीत सांगायचा, मग कुणीतरी विचारायचं की असं असेल तर अमुक साली नाक्यावर गाडी का अडवली. एकट्या शिकलेल्या मुलानं हा कायदा वाचून येऊन गावाला ‘सांगितला’ असता, तर गावाला एक सांगणारा मिळाला असता. इथे व्याख्येतला फरक बायाबापड्यांच्या तोंडी बसला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतरचं शिक्षण आणखी अवघड होतं: निविदा, बँक, मजुरीचा हिशेब, प्राप्तिकर. ग्रामसभेनं स्वतःचं पॅन कार्ड काढलं. पुढे २०१३ साली गावानं ग्रामदानाचा निर्णय घेतला, सगळी खासगी जमीनसुद्धा गावाच्या नावे करण्याचा. जमिनीसारख्या विषयावर सर्वसहमती होण्याआधी किती बैठका लागल्या असतील याची कल्पना शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही करता येईल.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ साली त्यांना सुमारे हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. तेंदूपत्ता तोडायचा नाही, असं त्या गावानं बसून ठरवलं. आमच्या भागात हे म्हणजे बोनस नाकारण्यासारखं आहे. मे महिन्यात फळीवर पुडे मोजून मिळणारे पैसे म्हणजे पावसाळ्याच्या आधीचा आधार. पण त्यांनी हिशेब मांडला: चांगली पानं फुटावीत म्हणून झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात, फळं धरत नाहीत, आणि बांबूतून वर्षभर काम निघतं. तेंदूची फळं माणसांनी आणि जनावरांनी खावीत, असं ठरलं. मला वाटतं, ज्या गावानं एवढा उलटसुलट विचार एकत्र केला, त्याला कुठलंही ऑनलाइन प्रशिक्षण द्या, ते गाव त्यातलं फोल पाखडून टाकील.

दुरून शिकवणं आणि जवळ बसून शिकणं यांचा मेळ महाराष्ट्रानं मोबाइलच्या कितीतरी आधी एकदा घालून पाहिला होता. १९५६ च्या सुरुवातीला आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं ‘रेडिओ फार्म फोरम’ चालवले. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं. गावात वीसेक जणांचा गट, मधे रेडिओ, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. ऐकून झालं की रेडिओ बंद, आणि चर्चा सुरू. गटाचे प्रश्न केंद्राकडे जायचे आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं यायची. कल्पना कॅनडाची, तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे असे गट चालू होते: वाचा, ऐका, चर्चा करा, करून पाहा. पुण्याच्या प्रयोगाची तपासणी पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानं केली. त्यानं तीन तऱ्हेची गावं तपासली: गट असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली. गट असलेल्या गावांतल्या माणसांचं ज्ञान ठळकपणे वाढलं. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तसं झालं नाही.

हा निष्कर्ष मी एका जुन्या पुस्तकात वाचला तेव्हा चिंचेखालची ती मावशी डोळ्यांपुढे आली. रेडिओ सगळ्यांच्या कानांवर सारखाच पडत होता. फरक पडला तो रेडिओ बंद केल्यानंतरच्या वेळेत.

हा प्रयोग आमच्याकडे आला नाही, कारण आमचा भाग तेव्हा ज्या चांदा जिल्ह्यात होता तो मध्य प्रदेशात होता. मुंबई राज्यात तो आला त्याच १९५६ च्या नोव्हेंबरात. पण तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेनं चिमूर-ब्रह्मपुरीकडच्या गावांना रोज संध्याकाळी एकत्र बसायची सवय लावली होती, आणि ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली ती १९५५ मध्ये. माझ्या आजोळी ती एकट्यानं वाचलेली मी कधी पाहिली नाही. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा आणि तिसऱ्यानं शेजारच्या आळीतलं उदाहरण द्यायचं.

आणखी लांबचं एक साम्य मला फार जवळचं वाटतं. स्वीडनमध्ये १९०२ साली ऑस्कर ओल्सन यांनी लुंड इथे अभ्यास मंडळ सुरू केलं, ते दारूबंदीच्या चळवळीतून. कामगारांना शिक्षक परवडत नव्हते, म्हणून पुस्तकं मधे ठेवून आपणच शिकायचं. आज तिथे प्रौढ शिक्षणाचा मोठा भाग अशा मंडळांवर चालतो. मेंढ्याच्या बायका आणि लुंडचे ते लोक एकमेकांना कधी भेटले नाहीत. दारूच्या प्रश्नानं दोघांनाही गोलात आणून बसवलं.

मेंढ्याला परवान्यांचं पुस्तक मिळालं त्याच २०११ च्या शरदात अमेरिकेत स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाला जगभरातून दीड लाखाहून जास्त जणांनी नावं नोंदवली. पुरा केला तो थोड्यांनीच. पुढे अशा अभ्यासक्रमांची लाट आली, आपल्याकडे ‘स्वयम्’ २०१७ साली आलं, आणि गळती हा सगळीकडचा प्रश्न राहिला. उत्तम शिक्षक, उत्तम चित्रफिती, फुकट, तरी माणूस तिसऱ्या आठवड्याला गळतो. त्याची वाट पाहणारं कुणी नसतं. चिंचेखाली एखादी बाई आली नाही, तर तिच्या गावावरून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे निरोप जायचा.

मग मार्च २०२० आला. शाळा बंद झाल्या. राज्यानं ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणून रोजची अभ्यासमाला मोबाइलवर पाठवायला सुरुवात केली, ‘दीक्षा’ ॲप होतं, जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका आली. यातलं बरंचसं मन लावून केलेलं होतं. भामरागड-एटापल्लीकडे मात्र टॉवरच नव्हते, जिथे होते तिथे पावसात वीज जायची. आमची संपर्क सत्रं ऑनलाइन झाली. तीस नावांपैकी नऊ-दहा चौकोन उघडायचे आणि त्यातले सहा काळे. मी बोलायचे, ते ऐकायचे, किंवा ऐकत असतील असं मी धरून चालायचे. चिंचेखालचे दोन तास गेले होते आणि माझं अकराचं भाषण तेवढं उरलं होतं.

ती पीडीएफ त्याच दिवसांतली. ती वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते. सकाळी पाचही जणांना सांगितलं की हे काम परत करायचं आहे, गुण मिळाले असं समजा, आणि आता लिहायचं नाही, बोलायचं. व्हिडिओ नको, साधा कॉन्फरन्स कॉल. त्याला इंटरनेट लागत नाही, दोन काड्या रेंज पुरते. वेळ रात्री नऊची, कारण भावाचा फोन तेव्हा मिळतो. पहिल्या दोन बैठकांत काम वाटून घ्यायचं नाही. प्रत्येकानं स्वतःचा भाग सांगायचा नाही, दुसऱ्याचा वाचून सांगायचा. ज्याचा भाग आहे त्यानं तो नीट सांगितला का ते पाहायचं. कुणी मराठीत अडलं तर गोंडीत बोलायचं, ज्याला येतं त्यानं दुसऱ्यांना सांगायचं. काहीही ठरवायचं नाही. हे नियम मी शोधलेले नव्हते. मी मेंढ्याचे नियम फोनवर आणले, एवढंच.

पहिल्याच रात्री नववं आणि सतरावं पान एकमेकांसमोर आली. तलाव कुणाचा?

कुरखेड्याकडचा मुलगा म्हणाला, सरकारचा, कारण आमच्या ग्रामसेवकानं सांगितलं. ब्रह्मपुरीकडची मुलगी म्हणाली, आमचा, कारण माझे आजोबा पाळीवर माती टाकायला जायचे. दोघं खरं बोलत होते. हे कळायला त्यांना तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत ते जेवढा इतिहास शिकले तेवढा माझ्या फळ्यावर एका सत्रातही झाला नव्हता. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं या धानपट्ट्यात तलाव बांधले, हे एकाला पुस्तकात मिळालं. पाण्याची दारं म्हणजे तुडूम कसे असतात, ते दुसरीनं तलावावर जाऊन पाहिलं आणि फोनवर सांगितलं. पाणी वाटणाऱ्या माणसाला पाणकर म्हणत, हे तिसऱ्याच्या आजीला ठाऊक होतं. आजी गोंडी बोलणारी, तिचं बोलणं फोन स्पीकरवर ठेवून सगळ्यांनी ऐकलं आणि नातवानं मराठी केलं. पुढे १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणजे ‘मामा तलाव’ हे नाव पडलं. तलाव कागदावर सरकारचा झाला तरी काही गावांत माती टाकायची सवय चालू राहिली, काही गावांत सुटली. नववं पान सवय चालू राहिलेल्या गावचं, सतरावं सुटलेल्या गावचं.

पाचांपैकी एकटा कुणीही हे काढू शकला नसता. गुगलवरही ते नव्हतं, कारण गुगलला त्या आजीचा पत्ता नव्हता. विरोध दिसायला दोन गावं समोरासमोर यावी लागतात. ती दोन गावं एकमेकांपासून लांब आहेत, आणि टाळेबंदीत ती फक्त फोनवरच समोरासमोर येऊ शकत होती. ऑनलाइन शिकण्याबद्दल माझं मन तेव्हा बदललं. मेंढ्याचा गट एका गावाचा असतो, त्याला दुसऱ्या गावाचा अनुभव पाहुणा येईल तेव्हाच मिळतो. फोनवरच्या गटाला तो रोज रात्री नऊला मिळत होता.

हे सगळ्या गटांचं झालं नाही. सहा गटांपैकी दोन जमले, एक मोडला, बाकीच्यांनी पुन्हा पानंच वाटून घेतली. मोडलेल्या गटातल्या दोघांची नंतर माझ्याकडून पुरती विचारपूस झाली नाही, याची टोचणी आहे. गट मोडतो तेव्हा सगळ्यात आधी तो गटातल्या सर्वांत शांत माणसावर मोडतो. त्याच्यासाठी कुणीतरी थांबावं लागतं, आणि थांबायला वेळापत्रकात जागा लागते. मेंढ्यात ती जागा आहे, कारण एकाच्या विरोधासाठी ग्रामसभा थांबते.

२०२५ च्या जानेवारीत मोहन हिराबाई हिरालाल गेले. बातमी आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गटावर आली तेव्हा त्या तलावाच्या गटातल्या मुलीनं लिहिलं की आज रात्री नऊला बोलूया का. पाचही जण आले. एक आता आरोग्य खात्यात आहे, एक शेती करतो, ती स्वतः ग्रामसभेची कागदपत्रं सांभाळते. मलाही घेतलं. मी ऐकत बसले. बोलणं आठवणींवरून तलावावर गेलं, कारण आदल्या पावसाळ्यात कुरखेड्याकडच्या गावात पाळ खचली होती आणि माती कुणी टाकायची यावर गावात दोन तट पडले होते.

ती विचारत होती, “तुमच्या गावात पाणकराला धान कोण द्यायचं? दर घरामागं, की एकराप्रमाणं?”

त्याला ठाऊक नव्हतं. म्हणाला, उद्या म्हाताऱ्यांना विचारून सांगतो, परवा नऊला लावा.